खोकल्याएवढी जागा

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत माणूस निम्मा मेलेलाच असतो. पाय वर, डोकं खाली, तोंडाचा आ, आणि दोन्ही गालांत कापसाच्या वळ्या कोंबलेल्या. जन्म कापसात गेला आणि शेवटी तोच तोंडात आला, असं मी मनातल्या मनात म्हणत होते, कारण मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर पोरगेला होता. चाळिशीचा असेल, पण माझ्या वयाला सगळेच पोरगेले. तो माझ्या दाढेत विहीर खणत होता, आणि छतात एक जाळीचं भोक होतं त्यातून बारीक आवाजात गाणी गळत होती. एक संपलं, दुसरं लागलं, आणि गिटारची पहिली तार वाजल्याबरोबर मी ओळखलं. आमचं गाणं. 'दुसरी चप्पल' बँडचं. मला डॉक्टरला सांगायचं होतं, अरे, हे आमच्या कारखान्यात झालंय, गाद्यांच्या ढिगात, आणि आता नीट ऐक, आमचे हे येतील. मी बोटसुद्धा वर केलं. गाण्यात ती मुलगी म्हणते, तू गेल्यावर खुर्ची जरा दाराकडे वळली. मग गिटार एकटीच चार पावलं चालते. मग यांचा खोकला येतो. मग ती म्हणते, मी नाही वळवली. अकरा वर्षं हे असंच आहे. मी डोळे मिटून घेतले. गिटार चार पावलं चालली, आणि मग काहीच नाही. पुसून काढलेल्या फरशीसारखं लख्ख रिकामं. त्या रिकाम्या जागेनंतर ती मुलगी, नेहमीसारखीच अर्धा श्वास उशिरा, हसू दाबत, मी नाही वळवली.

मी ताडकन उठून बसले. डॉक्टरच्या हातातलं हत्यार माझ्या जिभेला लागलं. "आजी! दुखलं का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि छताकडे बोट दाखवलं. "दिवा डोळ्यांवर येतोय?" नाही. "आवाज मोठा वाटतोय?" असं म्हणून त्यानं गाणंच बंद केलं. मग माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंडातून कापूस, आणि त्या बिचाऱ्यानं घाबरून दुखण्याच्या गोळ्या दोनाच्या चार लिहून दिल्या.

घरी येताना अर्धा जबडा बधिर होता. बधिर जबड्याची एक गंमत असते, आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, हात लावला तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखा. मी सगळा रस्ता हात लावत आले. मनाशी म्हणत होते की त्या जाळीच्या भोकात धूळ असेल, बारीक आवाज गाळला जात असेल, दवाखान्याची यंत्रं ती, जंतूंबरोबर खोकलाही मारत असतील. घरात नात कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करत बसली होती. मी म्हटलं, "ते खुर्चीचं गाणं लाव." जबड्यामुळं 'खुर्ची'चं भलतंच काहीतरी झालं, पण तिला कळलं. तिनं लावलं. गिटार, चार पावलं, रिकामं. "परत लाव." परत रिकामं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "अगं, हे नवीन केलेलं आहे. जुनी गाणी साफ करून परत टाकलीत त्यांनी. छान वाटतंय की, आवाज किती स्वच्छ आलाय!" मी विचारलं, "जुनं कुठंय?" "काढून टाकलं. नवीन टाकलं की जुनं काढतात, आजी." "आणि खोकला?" तिनं मान तिरकी केली. आमच्या घरात ही तिरकी मान मला फार ओळखीची आहे. "आजी, खरं सांगू? तो मला कधी ऐकूच यायचा नाही. तू म्हणायचीस, आला बघ, आला बघ, म्हणून मी हो म्हणायचे."

आता यात तिची चूक नाही. आमच्या सूनबाईनं तिला लहानपणीच शिकवून ठेवलंय की आजीच्या आकड्याला दहानं भागायचं. मी सांगितलं की आमच्या कारखान्यातल्या एका गादीवर एक गिऱ्हाईक झोपलं ते तीन आठवडे उठलंच नाही, तर ही माझ्यासमोर बोटांवर भागाकार करून म्हणायची, दोन दिवस. मी सांगितलं की तुझे आजोबा खोकले की समोरच्या इमारतीत दिवे लागायचे, तर ही म्हणायची, एक दिवा. सरळ गोष्ट सरळ सांगितली तर ती आडवी झोपते, तिला जरा टेकू द्यावा लागतो, असं माझं मत. हे मात्र कधी भागाकार करत नसत. ऐकून घेत, दाभणात दोरा ओवत म्हणत, "हिच्या गोष्टीतलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते तिलाही माहीत नसतं." पूर्ण आठवड्यात यांच्या तोंडून अशी दोनच वाक्यं निघायची, ती ही. तर आता त्या भागाकाराची पाळी माझ्यावर आली. त्या दिवशी मी खिडकीशी बसून पहिल्यांदाच स्वतःच्या आठवणीला दहानं भागून बघितलं. खोकल्याला दहानं भागलं तर काय उरतं? घसा खाकरणं. त्याला दहानं भागलं तर एक श्वास. त्याला भागलं तर ती मोकळी जागाच, जी आता आहे. मग कदाचित पहिल्यापासून तेवढंच होतं, आणि बाकीचा सगळा खोकला माझ्या कानांनी शिवून लावलेला. हा विचार मला झटकता येईना, कारण असं मी करू शकते हे मला पुरतं माहीत आहे.

ती चार पोरं आमच्याकडे आली ती गाद्यांसाठी. विकत घ्यायला नाही, वाजवायला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जिथं कापूस असतो तिथं आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. एक ढोल बडवणारा, त्याला मी धपाट्या म्हणायची. एक लांबट्या, गिटारवाला. एक चष्मेवाला, त्याचं वाद्य काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि गाणारी, जी गाण्याशिवाय तोंडच उघडायची नाही म्हणून तिचं नाव मुकी. बँडचं नाव काय, तर 'दुसरी चप्पल'. मी विचारलं, "पहिली कुठंय रे?" धपाट्या म्हणाला, "आजी, तीच तर शोधतोय." मी फिदा झाले. असली थाप ज्याला चटकन सुचते त्याला मागची खोली मी फुकटसुद्धा दिली असती, आणि तशीच दिली. कापूस पिंजायचं मशीन बंद झालं की रोज संध्याकाळी दोन तास ती मागे धडधडत, आणि आम्ही दोघं पुढे खोळी शिवत बसायचो. गाणी मी अशी ऐकली, भिंतीपलीकडून, अर्धी-कच्ची, शब्द ठरायच्या आधीची. लोक गाणं ऐकतात ते शिवून झालेल्या गादीसारखं, चारी कोपरे बंद. मी कापूस भरताना बघितलाय.

'पत्ता बदलला' म्हणून त्यांचं एक गाणं आहे. दोनच ओळी, घर सोडताना खिळे तेवढे राहिले, फोटोंनी आमच्याबरोबर यायचं ठरवलं, आणि पुढे नुसतं ला ला ला. मी मुकीला म्हटलं, "शब्द संपले का गं?" ती म्हणाली, "उरलेले ऐकणाऱ्यानं घालायचे." तेव्हा मला ती कामचुकार वाटली होती. नंतर कारखाना विकला, मशीन भंगारात गेलं, भिंतीवर यांचा सदरा अडकवायचा खिळा तेवढा राहिला, आणि त्या ला ला लामध्ये मी इतके शब्द घातले की आता ते गाणं माझ्यापुरतं तासभर चालतं. दुसरं 'बुधवार'. त्यात असं आहे की सोमवारी नोकरी जाते, शुक्रवारी माणसं सोडून जातात, पण बुधवारी काहीच होत नाही, बुधवार म्हणजे आठवड्याची रिकामी खुंटी. फार गोड चाल. मी गुणगुणत शिवायची. हे बुधवारी गेले. सकाळी, चहाचा कप अर्धा ठेवून. पोरांना काय माहीत, त्यांनी आपलं हलक्या हातानं लिहिलं होतं. पण मी ते गाणं सोडलं नाही. उलट यांच्यामागे वर्षभर तेच लावलं, आणि गाणं म्हणायचं, बुधवारी काहीच होत नाही, आणि मी म्हणायची, बरोबर आहे, काहीच झालं नाही. एखादी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असतानाही तिच्या कुशीत तीन मिनिटं पडून राहता येतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच विकत आले होते, पण स्वतः गिऱ्हाईक झाले ती तेव्हा.

आणि 'खुर्ची'. ती गाणी भरून घ्यायची होती तो दिवस. दुपार. शटर खाली. पोरांनी चारही बाजूंनी गाद्या उभ्या केल्या आणि मधे चार माइक. सगळे एकदम वाजवणार, एकदम गाणार, जे होईल ते एकाच यंत्रात. कुणाचं वेगळं काढता येणार नाही. आम्हा दोघांना कोपऱ्यातल्या ढिगावर बसवलं. लांबट्यानं हात जोडून सांगितलं, "आजी, आजोबा, हलायचं नाही, बोलायचं नाही." यांना बोलायचं नाही हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण यांचा खोकला सगळ्या गल्लीला माहीत होता. चाळीस वर्षांच्या कापसाच्या धुळीचा कोरडा, तीन टप्प्यांचा खोकला. मी धुळीसाठी तोंडाला फडकं बांधायची, हे कधी बांधत नसत, म्हणत, गुदमरतं. तर हे रुमाल तोंडात धरून बसले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. माणूस लाल झाला, पण आवाज नाही. एखाद्यानं एवढ्यावर देवाचे आभार मानले असते. मी काय केलं, तर गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापसाचा पुंजका काढला, वरच्या ओठावर मिशीसारखा चिकटवला, आणि धपाट्यासारखी मान हलवत हवेत ढोल बडवायला लागले. हे हसले. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना हसवायला किती गोष्टी रचल्या असतील, हे नुसते ओठ हलवायचे. आणि त्या दिवशी, हसायचं नाही असं सांगितल्यावर, हसले. गिटार एकटी चालत होती त्याच जागी. पहिला टप्पा हसण्याचा होता, हं असा, नाकातून, आणि मग त्याला धरून खोकल्याचे दोन. मुकीनं वळून बघितलं, तिला माझी मिशी दिसली, आणि तिची ओळ अर्धा श्वास हुकली. मग ती तशीच, हसू गिळत गायली, मी नाही वळवली. एवढ्या दुःखाच्या गाण्यात तेवढंच हसू. लांबट्या म्हणाला, परत घेऊ. मुकी म्हणाली, "नाही. हेच राहू दे." तिचं ते आठवड्याचं वाक्य असावं.

लोकांना मी सांगायची की गाण्यात आमच्या यांचा खोकला आहे. हसणं आहे, हे कुणालाच सांगितलं नाही. का, कोण जाणे. सांगितलं असतं तर त्याला दहानं भागलं असतं. यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. मोबाइल समोर धरला की गडी दाराबाहेर. मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत हे पाठमोरे खुर्च्या उचलताना दिसतात, त्यावर बँडबाजा वाजतोय. राहिलं ते एवढंच, दोन सेकंदांचं. आणि माझी स्वतःची करणी बघा. पोरांनी गाण्यांच्या साठ चकत्या काढल्या होत्या, प्रत्येकीला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ. साठही खोळी मी शिवल्या. एक चकती आम्हाला दिली. पुढे नातीनं फोनवर गाणी लावून दिली, आणि मला वाटलं, आता चकतीचं काय काम? कबुतरांनी बाल्कनी घाण केली होती. चकती उन्हात चमकली की कबुतरं बिचकतात. मी तिला दोरा ओवला आणि टांगली. नवऱ्याचं हसू मी चार वर्षं कबुतरांना घाबरवायला टांगून ठेवलं होतं. नातीनं ती सोडवून आणली तेव्हा तिच्यातून आरपार खिडकी दिसत होती, आणि एक कबूतर शेजारी बसलेलं होतं, अजिबात न बिचकता.

नातीला माझी दया आली असावी. तिनं शोधाशोध केली. बँड मोडून सहा वर्षं झालेली. लांबट्या परदेशी, त्याचा जुना कॉम्प्युटर केव्हाच मेलेला. मुकीचा पत्ताच नाही. धपाट्या गावातच, पलीकडच्या भागात, रंगाच्या दुकानात. "मी येते बरोबर," नात म्हणाली, "नाहीतर तू घरी येऊन भलतंच सांगशील." बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती. मला वाटत होतं, परत फिरावं. तो जर म्हणाला, कसला खोकला आजी, तर? यांना मी एकदा पोचवून आलेय. पण आपणच रचलेल्या माणसाला पोचवायची काही रीत नसते.

धपाट्या जाड झाला होता. रंगाचा डबा तो एका यंत्रात अडकवायचा, खटका दाबला की यंत्र डब्याला गदागदा हलवायचं आणि सगळ्या फळ्या थरथरायच्या. मला वाटलं, शेवटी याला आपल्याहून जोरात बडवणारा भेटला. त्यानं मला बघितलं आणि हातातला डबा ठेवला. "आजी! अजून आहात?" "जायला निघाले होते, वाटेत तुझं दुकान लागलं." तो हसला. स्टूल पुसून दिलं. नातीनं सरळ मुद्द्याला हात घातला. "काका, 'खुर्ची' गाण्यात आमच्या आजोबांचा खोकला होता का?"

"होता का म्हणजे? अगं, तो नसता तर ते गाणं चाललंच नसतं. लोक भेटून विचारायचे, तो कोण खोकतो म्हणून. तीन टप्प्यांचा. पहिला तर हसल्यासारखाच." त्यानं नाकातून आवाज काढला, हं. अगदी तस्साच. माझ्या हातातून पिशवी पडली. नात माझ्याकडे बघत होती, मान सरळ ठेवून. मी एकटी नव्हते. ते या जगात झालं होतं, रंगाच्या दुकानातल्या एका जाड माणसाच्या नाकातसुद्धा ते शिल्लक होतं.

"मग नवीन गाण्यात का नाही?" मी म्हटलं. "नाही?" तो म्हणाला. "मी नवीन ऐकलंच नाही, आजी. लांबट्यानं कुणालातरी साफ करायला दिली होती गाणी. हल्ली यंत्रच करतं सगळं. खरखर, पंखा, खोकला, त्याला काय, सगळा कचराच..." आणि तिथं तो थांबला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही. जबडा आता बधिर नव्हता. "तुझ्याकडे जुनी चकती?" मी विचारलं. त्यानं मान हलवली. घर बदलताना राहिली. मग त्यानं एक डबा उचलला, यंत्रात अडकवला, खटका दाबला, आणि सगळं दुकान हलत असताना आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. तो डबा कुणाचा होता, देव जाणे. असा वेळ माणूस कशासाठी काढतो ते मला कळतं. मी तोच धंदा केलाय.

यंत्र थांबलं. तो वळला. "आजी, खरं तर सांगायचं नव्हतं तुम्हाला," तो म्हणाला, "पण आजोबांनीच सांगितलं होतं काढायला." नात पुढे सरकली. "म्हणजे?" "गाणी झाली, त्यानंतर पुढच्या वर्षी आले होते ते माझ्याकडे, एकटेच. आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नाही. जिना चढून आले. म्हणाले, तो खोकला काढून टाका. मी नसलो की ही तेवढंच लावून बसेल दिवसभर. मी म्हटलं, आजोबा, सगळं एकात एक अडकलंय, काढता येत नाही. तर म्हणाले, आज नाही येत, पुढेमागे येईल. आलं की काढा. मी लांबट्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं लक्षात ठेवलं, बघा."

नातीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आजोबा असं म्हणाले?" ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. या पोरीनं माझ्या एका खऱ्या गोष्टीला अकरा वर्षं दहानं भागलं, आणि याला मात्र कशानंच भागलं नाही. मी धपाट्याकडे बघत होते. त्या पुढच्या वर्षी यांना खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा भिंत धरावी लागायची. बाहेरची पायरी उतरून सात महिने झाले होते. आणि 'मी नसलो की ही' असं एवढं लांब वाक्य यांनी जन्मात एका दमात बोललेलं नाही. कच्चं होतं काम. दोरा दिसत होता सगळीकडून. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की आता मी उसवते की काय.

मी पिशवी उचलली. मांडीवर ठेवली. "तिसरा मजला?" मी म्हटलं.

"हो."

"मग चढताना वाटेत किती वेळा थांबले असतील रे?"

तो गडबडला. त्यानं जिन्याकडे बघावं तसं वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"एकदाही नाही, आजी," तो म्हणाला. "पोरासारखे चढून आले."

"खोकले?"

"अजिबात नाही."

मी स्टुलावर नीट सरकून बसले.

"बरं," मी म्हटलं. "दार कुणी उघडलं, तिथपासून सांग."